फाइल माझ्या नावाची

निर्मलाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी भातकुलीच्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. अकोल्याच्या दवाखान्यातली नर्स रडत होती. खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की आता माझं कसं होणार… लाज वाटते, पण तेच आलं.

मूल न होणाऱ्या जोडप्यांशी बोलायला ताई त्या दवाखान्यात बसायच्या. आम्ही अमरावतीहून महिन्यातून एकदा जायचो. पहिल्याच दिवशी मी हमसून रडले, तर त्यांनी पाणी दिलं आणि गप्प बसून राहिल्या. "होईल गं" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. ते तर अख्खी गल्ली म्हणायची, त्यानंच जीव नकोसा झाला होता.

दोष ह्यांच्यात निघाला. पण अशा दवाखान्यात फाइल बायकोच्या नावानं बनते, नवऱ्याचे रिपोर्टही तिच्यातच लागतात. सासूबाईंनी कपाटात फाइल पाहिली, वरचं माझं नाव वाचलं आणि झाला निकाल. हे समोर उभे होते, तोंडातून शब्द काढला नाही. पुढे नणंदेच्या लेकराच्या बारशात मला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही, पोळ्या लाटायला बसवलं. सहा वर्षं मी हे गिळत आले.

ताईंनी ह्यांना तोंडावर सुनावलं होतं. "भाऊ, शुक्राणू कमी हायेत, यात तुमचा गुन्हा नाई. पण घरी सांगा. थे पोरगी तुमच्यापायी बोलणे खाऊन राहिली." मी चिडून म्हटलं, मीच सांगून टाकते. तर मला म्हणाल्या, "नको वंदना. तू सांगशीन तं त्यायले वाटन, बायकोनं इज्जत काढली. त्यायच्या तोंडून येऊ दे." मी ऐकलं. शेवटच्या भेटीत ताईंचं कॅन्सरनं हाडं-कातडं उरलं होतं. हे हात जोडून म्हणाले, "ताई, दिवाळीत सांगतो." दिवाळी गेली. मग ताई गेल्या…

शोकसभा दवाखान्यातल्या त्यांच्याच खोलीत झाली. वीसेक जोडपी दाटीवाटीनं बसलेली, सासूबाईही हट्टानं सोबत आलेल्या. हे बोलायला उठले. वाटलं, ताईंच्या फोटोसमोर तरी हा माणूस खरं बोलेल.

"माह्या बायकोच्या इलाजात ताईनं लय धीर देला," एवढं बोलून हे खाली बसले.

सासूबाईंनी डोळे पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती माया नव्हती, कीव होती. मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

ताई, माफ करा, मी आता थांबत नाही. दोष माझ्यात नव्हता. उद्या मला त्या घरात जागा राहील की नाही, ठाऊक नाही. तरी इथंच लिहिते, कारण सासूबाई ही रविवारची पुरवणी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात.