बेडकाची बरणी आणि कुमुदवन्सं

कुमुदवन्सं आज पहाटे गेल्या.

त्यांच्या गॅलरीतलं शेवाळ मात्र हिरवंगार आहे.

फोनवर एवढं लांब लिहायची मला सवय नाही. पण लोक "थोर शिक्षिका" म्हणून दोन ओळी टाकतील आणि मोकळे होतील. मला तेवढं पुरणार नाही.

त्या माझ्या धाकट्या नणंद. मी मॅट्रिक होऊन या घरात आले तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं. त्या एम.एस्सी. झाल्या होत्या आणि एकच प्रश्न घेऊन बसल्या होत्या.

शेवाळाच्या एका पेशीच्या दोन होतात. आतली गुणसूत्रं दोन टोकांना जातात. त्यांना ओढतं कोण?

मी म्हटलं, देव.

"देव तर आहेच वहिनी. पण रथ देवाचा असला तरी दोर माणसंच ओढतात ना? इथे मला दोर दिसतो, हात दिसत नाहीत."

माझं मॅट्रिकचं सायन्स तिथेच संपलं.

दसऱ्याच्या सुटीनंतर एक मोठे प्रोफेसर कॉलेजात येणार होते. त्यांना जिवंत पेशी विभागताना दाखवायची, पसंत पडलं तर संशोधनाची जागा. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगून टाकलं होतं की जागा मिळाली तर शिक, नाहीतर धारवाडचं स्थळ आहेच.

वन्संना धारवाडबद्दल काही तक्रार नव्हती. पण तिथे मायक्रोस्कोप नव्हता.

सुटीत कॉलेजला कुलूप. म्हणून शेवाळ आमच्या चामराजपेटेतल्या घरी आलं, तीन बरण्यांतून. दोन बरण्या माझ्या लोणच्याच्या. रिकामी बरणी मी सहसा कुणाला देत नाही, नणंद म्हणून दिली. तिसरी कॉलेजातली. तिच्यात पूर्वी मेलेला बेडूक होता.

सासूबाईंनी बेडकाच्या बरणीला उंबरा ओलांडू दिला नाही. ती मागच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्यावर.

बाकी लेकीवर त्यांचा फार जीव. लेकीचं शेवाळ म्हणजे घरचा पाहुणाच. रोज पूजा झाली की सोवळ्याच्या तांब्याच्या घागरीतलं पाणी त्या स्वतः दोन बरण्यांत घालायच्या. वन्संही म्हणायच्या, घाल आई, स्वल्प घाल. घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी ते. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

बेडकाच्या बरणीला सोवळ्याचं पाणी कसं चालेल? तिला विहिरीचंच, लोखंडी बादलीतलं.

दसरा आला तोवर लोणच्याच्या दोन्ही बरण्यांतलं शेवाळ पिवळं पडून तळाशी बसलं.

बेडकाच्या बरणीतलं मात्र हिरव्या रेशमाच्या लडीसारखं.

वन्संनी तिन्ही बरण्या कट्ट्यावर शेजारीशेजारी ठेवल्या आणि बघत बसल्या. मग मला हळूच म्हणाल्या, "तांबं, वहिनी. शेवाळाला तांबं म्हणजे विष. मी पुस्तकात वाचलंय. आणि रोज आईची घागर बघत होते."

तेवढ्यात सासूबाई आल्या.

"माझ्या पाण्याने गेलं का गं?"

"नाही आई. ऊन लागलं."

सासूबाई काही भोळ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून स्वतः विहिरीचं पाणी शेंदून बेडकाच्या बरणीत घालू लागल्या आणि मग पुन्हा अंघोळ. मामंजींनी विचारलं तर म्हणायच्या, उकडतंय.

शेवाळाची पेशी बहुतेक रात्रीच विभागते आणि प्रोफेसर तर सकाळी येणार. म्हणून आदल्या रात्री बरणी बर्फात ठेवली, म्हणजे तिचं काम सकाळपर्यंत खोळंबावं. सकाळी आम्ही दोघी जटक्यातून, म्हणजे टांग्यातून, निघालो. बरणी वन्संच्या मांडीवर, बर्फाची पिशवी माझ्या. जटकेवाल्याने मागे वळून विचारलं, अक्का, मासे का? मी मनात रामाचं नाव घेतलं.

प्रोफेसर बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून होते. मग त्यांनी विचारलं, ही गुणसूत्रं ओढली कशाने जातात?

मला वाटलं, संपलं. हाच तर तो प्रश्न, उत्तर कुठे होतं.

वन्सं ताठ उभ्या होत्या.

"माहीत नाही सर. म्हणून तर जागा हवी आहे."

ते कानडीत म्हणाले, "सरी." म्हणजे, बरं.

तेवढंच. पण जागा मिळाली.

मग वन्संनी मला बघायला लावलं. धूसर होतं. दोन सावल्या एकमेकींपासून दूर सरकत होत्या, घड्याळाच्या मोठ्या काट्याइतक्या सावकाश. माझे हात आपोआप जोडले गेले. वन्सं हसल्या नाहीत.

पुढे जन्मभर त्यांनी शेवाळ बघितलं आणि मुलींना बघायला शिकवलं. ओढणारे हात दुसऱ्याच कुणाला तरी सापडले, दूर परदेशात. त्याची खंत त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नाही.

अलीकडे आम्ही एचएसआर लेआउटमध्ये शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये राहत होतो. एकदा सकाळी वन्सं फोन घेऊन आल्या. चप्पलसुद्धा घातली नव्हती.

"हात सापडलेत वहिनी. बघा."

व्हिडिओत दोन पायांचं काहीतरी धाग्यावरून पावलं टाकत चाललं होतं, ओझं घेऊन. मोटर प्रोटीन म्हणतात म्हणे. काही ओढतात, काही धाग्यांना एकमेकांपासून दूर रेटतात. आपल्या शेवाळातसुद्धा असतात, असं "आपल्या" वर जोर देऊन म्हणाल्या.

मी म्हटलं, मग देव नाही का?

म्हणाल्या, "दोर ओढणारे सापडले म्हणून रथ रिकामा होतो का?"

आज पहाटे मी तांब्याचा गंगेचा गडू उघडला. तुळशीच्या पानावरून दोन थेंब त्यांच्या ओठांवर घातले.

मग हात स्वच्छ धुतले आणि गॅलरीत गेले. बरणी तीच, बेडकाची. पाणी कमी झालं होतं.

प्लॅस्टिकच्या बादलीतलं घातलं.

वन्सं, तांबं लांब ठेवलं आहे. तुम्ही निर्धास्त जा.

तुमच्या वहिनीचा नमस्कार.