गंडीपेटच्या वळणावरचा पत्रा

जाहिरातीच्या फलकाला एकनाथराव फलक म्हणत नसत. पत्रा म्हणत, तेही नाक मुरडून. रस्ते खात्यात निरीक्षक म्हणून तीस वर्षं काढलेल्या या माणसाला जगातल्या बहुतेक गोष्टींचा राग यायचा. पत्र्यांची मात्र किळस यायची.

तेलुगू मुलखातल्या एका शहराबाहेरचा गंडीपेटचा रस्ता त्यांच्याकडे होता. हत्तीएवढ्या खडकांमधून तो वर चढतो, एका वळणावर खडक संपतात आणि खालचं सगळं तळं एकदम समोर येतं. नव्वदनंतर बाजार खुला झाला. परदेशी कोला आले, रंगीत टीव्ही आले, पेजर आले आणि जो तो आपला पत्रा घेऊन त्याच वळणाकडे धावला. एकनाथराव शहरातल्या नारायणगुड्याच्या घरून स्कूटरवर जात, टेपनं अंतर मोजत, स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून जागेवरच पंचनामा लिहीत. सही झाली की संध्याकाळच्या आत पत्रा खाली. ही घाई उगीच नव्हती. पंचनाम्याविना सात दिवस उभा राहिलेला फलक खात्याच्या लेखी ‘जुना’ ठरे. मग तो काढायला सुनावण्या, वकील, तारखा. शिवाय एक जुना ठरला की शेजारच्याला नाही म्हणायला तोंड उरत नसे. चार वर्षांत त्या वळणावर एकाही पत्र्यानं सातवा दिवस बघितला नव्हता.

मुंबईहून आलेला हर्षद, फलकांचा धंदा करणारा, गोड बोलून बघायचा. “काका, शहर बदलतंय. लोकांना माहिती हवी असते.”

“तळं बघायला आलेल्या माणसाला बनियनची माहिती कशाला पायजे रे?” एकनाथराव म्हणत. “त्याच्या अंगात बनियन हायच की.”

पंच्याण्णवच्या सप्टेंबरअखेर, शनिवारी, ते निवृत्त होणार होते. त्याआधीच्या सोमवारी सकाळी ते वळणावर पोचले आणि स्कूटर बंद करायची विसरले. समोर वीस फुटी लोखंडी सांगाडा, त्यावर पत्रा आणि पत्र्यावर ते स्वतः. पेंटरनं ओठ लालभडक केले होते आणि टकलावर दयाबुद्धीनं चार केस दिले होते. खाली लिहिलं होतं: ‘रस्त्याचे रक्षक मा. एकनाथराव यांना निवृत्तीनिमित्त शुभेच्छा’. पत्रा लावला होता शहरातल्या त्यांच्याच मराठी मंडळानं. सांगाडा हर्षदनं फुकट दिला होता. फुकट म्हटल्यावर मंडळाच्या चिटणिसांना आणखी काही विचारायचं सुचलं नव्हतं.

बरोबरचा गँगमन यादय्या पान्हा घेऊन पुढे झाला नि थबकला. “साब, ये तो आपकाच फोटू है. इसकू भी निकालना क्या?”

“रुको जरा,” एकनाथराव म्हणाले. तीस वर्षांत हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला.

कारण होतं लक्ष्मणराव, बायकोचा भाऊ, उदगीरचा अडत्या. मैलाचे दगड मोजणारा बाबू, असं तो तीस वर्षं चार माणसांत एकनाथरावांना हिणवत आला होता. निवृत्तीला तो शुक्रवारी येणार होता. एकदा बघू दे त्याला, शनिवारी आपणच सही करून पत्रा उतरवू, शेवटची सही आपल्याच तोंडावर! हा बेत एकनाथरावांना फारच आवडला.

बायकोला, भामाबाईंना, आवडला नाही. “सगळ्यांचे काढायलाव, मग तुमचाच काय देवाचा हाय का? उतरवा की.”

“तुला नाही कळायचं,” एकनाथराव म्हणाले. खरं तर त्यांनाही कळत होतं.

शुक्रवारी लक्ष्मणराव आलाच नाही. रविवारी येतो, असा शेजारच्यांच्या घरी फोन आला. शनिवारी हारतुरे व्हायच्या आधी एकनाथराव वळणावर गेले. पंचनामा लिहून तयार होता. त्यांनी पेन काढलं, वर स्वतःच्या लाल ओठांकडे बघितलं आणि पेन खिशात ठेवलं. मंडळवाले काय, सोमवारी आपणहून काढतील. अशा सबबी सांगणाऱ्यांचे पत्रे त्यांनी चार वर्षं उपटले होते.

रविवारी, म्हणजे सातव्या दिवशी, ते लक्ष्मणरावाला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. वळणावर हर्षद आधीच हजर होता. त्याची माणसं पत्र्याच्या दोन्ही बाजूंना टेप धरून जागा मोजत होती. त्यानं लवून नमस्कार केला. “काका, तुमचे फार उपकार झाले. उद्यापासून हा जुना. तुमच्या शेजारी आता आम्हाला कोण नाही म्हणणार?”

एकनाथरावांचा हात सवयीनं खिशातल्या पेनाकडे गेला आणि तिथंच राहिला. त्यांच्या सहीला काल संध्याकाळपासून किंमत नव्हती. आयुष्यभर ज्यांना लोचट, हावरट, बेशरम म्हटलं, त्यांच्या रांगेत आपणही उभे आहोत, तेही केस रंगवून, हे त्यांना लख्ख दिसलं. स्वतःची एवढी किळस त्यांना कधी आली नव्हती.

लक्ष्मणराव कमरेवर हात ठेवून पत्र्याकडे बघत होता. मग मान इकडून तिकडं वळवत त्यानं विचारलं, “ते ठीक हाय दाजी. पण तीस वर्षं ज्याचं कौतुक सांगायलाव, ते तळं कुठं हाय?”

एकनाथरावांनी वर स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं.

“त्याच्या मागं,” ते म्हणाले.