दादाने उचललेला बेल

मी जन्माचा संशयी. दूधवाल्याने माप भरलं की फेस खाली बसेपर्यंत मी थांबतो. किन्हवलीच्या बाजारात मासळीवालीने तराजू उचलला की आधी तिच्या करंगळीकडे बघतो. बायको म्हणायची, "अवो, तुमचा सोताच्या सावलीवर तरी इस्वास हाय का?" नव्हता, आणि मला त्याची घमेंड होती. मला फसवील असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी चारचौघांत छाती काढून सांगायचो.

आणि असा मी क्रिप्टोत पडलो! आसनगावकडची कंपनी बंद झाली तेव्हा हातात जे काही पडलं, त्यातलं निम्म्याहून जास्त मी त्यात घातलं. बँकेवर माझा भरवसा नव्हताच, त्यामुळे बँकेशिवायचा पैसा ही गोष्ट मला भलतीच पटली. हा पैसा फोनमधल्या वॉलेटात राहतो. त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या ओळीने. ते ज्याच्या हाती लागतील तो जगात कुठेही बसून सगळं उचलून नेऊ शकतो. म्हणून बारा शब्द कोणालाही सांगायचे नाहीत, हे मला तोंडपाठ होतं. मी ते एका कागदावर लिहिले, कागद सातबाऱ्याच्या घडीत सरकवला आणि पेटीला कुलूप घातलं. बायकोला त्या कागदाचा पत्ता लागू दिला नाही.

भात कापायला आलं होतं तेव्हा एका सकाळी वॉलेट उघडलं, तर आत काहीच नाही. फोन बंद करून पुन्हा चालू केला. काहीच नाही. मग मी पेटी उघडली. कागद जागेवर होता, पण घडी उलटी होती.

"पेटी कोणी उघडली?" मी ओरडलोच.

"दादा आले व्हते नाय का परवा," बायको म्हणाली. "सरकारी केंद्रात भात इकायला नाव लावायचं तर सातबारा लागतो. मीच चावी दिली."

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. जमीन अजून एकत्र, सातबारा एक, घरं शेजारी शेजारी. मनात पाल चुकचुकली. त्यातच दादाने पडवीवर नवे पत्रे टाकले होते. झालं! मला आणखी काय पाहिजे होतं?

आमच्यात काही हरवलं, गाय असो की डोरलं, की भगताकडे जाऊन तांदूळ बघतात. शेणव्याच्या पलीकडच्या वाडीवर आमच्या बापाच्या वेळेपासूनचा भगत आहे. मी घरचे तांदूळ घेऊन गेलो. म्हाताऱ्याने सुपात दाणे टाकले, बराच वेळ बोटाने सारले आणि म्हणाला, "फोनातलं मला दिसत नाय, रे." मी हटून बसलो. शेवटी त्याने विचारलं, "तुझा वहीम कोणावर हाय?" मी दादाचं नाव घेतलं. त्याने पुन्हा दाण्यांकडे बघितलं. "जवळचाच कोन तरी हाय," एवढंच बोलला. मला वाटलं, देवानेच सांगितलं. चोराचं नाव घरून मीच नेलं होतं, हे तेव्हा कुठे सुचलं!

मी तसाच दादाच्या अंगणात गेलो आणि आळी गोळा होईपर्यंत बोंबललो. दादाने हातातला विळा खाली ठेवला. मग म्हणाला, "चल गावदेवीकडं." देवळात त्याने सगळ्यांसमोर बेल-भंडारा उचलला. "घेतलं असंल तर माजं वाटोळं व्हवो," म्हणाला. सुट्टीला घरी आलेली त्याची धाकटी लेक त्याच्या बाजूला उभी होती. गावदेवीपुढे बेल उचलला की आमच्याकडे विषय संपतो. मी मात्र मनात म्हटलं, बारा शब्दांच्या चोरीसाठी देवी कशाला कोपेल, तिला कुठलं इंग्रजी येतंय!

दादाविरुद्ध लेखी तक्रार द्यायची म्हणून मी शहापूरला पोलीस ठाण्यात गेलो. टेबलामागच्या बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि फोन मागितला. "पैसे जायच्या आधी याबद्दल कोणाशी बोललात?" "कोणाशी नाही," मी ठणकावून सांगितलं. त्या मेसेज वर वर सरकवत गेल्या आणि थांबल्या. "मग हे काय?"

माझाच फोटो होता. म्हणजे माझ्या त्या कागदाचा. बाराही शब्द स्पष्ट, आणि कोपऱ्यात मशीनमध्ये चेंगरलेलं माझ्या अंगठ्याचं काळं नख. दादाने पेटी उघडायच्या चार दिवस आधी मी तो पाठवला होता. पैसे काढताना काही तरी अडकत होतं, म्हणून मी एका ग्रुपवर विचारलं होतं. लगेच एकाचा मेसेज आला, वॉलेटच्या कंपनीकडून बोलतोय, व्हेरिफिकेशन करावं लागेल, सर. मला जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं. मी विसरलो होतो असंही नाही. ते मला सांगणं वाटलंच नव्हतं. कोणालाही सांगायचं नाही, यातला कोणी म्हणजे माझ्या मते बायको, शेजारी आणि भाऊ.

इतकी लाज वाटली की तक्रार दूर राहिली, बाहेर येऊन मी तो फोटो, ते मेसेज, सगळं तिथल्या तिथे पुसून टाकलं. पुरावा पुसतोय हेही ध्यानात आलं नाही. गाढव नुसता!

दादा खळ्यावर भात झोडत होता. मी सगळं सांगितलं, पाया पडलो, रडलो. त्याने पेंढी खाली ठेवली.

"तुजे पैसे गेले ते वाईट झालं," तो म्हणाला. "माजं काय नाय रे. पन देवळातून घरी येताना पोरीनं मला इचारलं, बाबा, तुमी खरंच नाय ना घेतलं? तिला मी नाय म्हनालो. दुसऱ्यांदा सांगायला माज्याकडं तोंड नाय. तिला तू सांग."

ती मुरबाडला नर्सिंग शिकते. दुसऱ्याच दिवशी मी एसटीने गेलो. कॉलेजच्या फाटकाबाहेर, झाडाखाली उभं राहून तिला पहिल्यापासून सांगितलं. चोर कोण, फोटो कोणी पाठवला, सगळं. ती मान खाली घालून ऐकत होती.

"फोटो दाखवा," ती म्हणाली.

"पुसला गो मी."

तिने मान वर केली. मग हळूच तिने विचारलं, "काका, खरं सांगा. बाबांनी पाठवलंय ना तुम्हाला?"