दोनदा सांगणारा

कारध्याहून भंडाऱ्याला मी ज्या ऑटोने जायचो, त्याच्या टपावर भोंगा होता. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली नाटकं, खताची दुकानं, सगळ्यांची जाहिरात ऑटोवाला स्वतः गावोगाव फिरून त्यावरून सांगायचा. मग लोक जाहिराती मोबाइलवरच टाकू लागले आणि भोंगा मुका झाला. तेव्हा धंदा वाढावा म्हणून त्याने पॉडकास्ट काढला. पुलाजवळ ऑटो उभा करून, पडदे पाडून तो आत बोलायचा.

मी एक भाग ऐकला. प्रत्येक वाक्य दोनदा होतं.

"भाऊ, दोनदा काहून?" मी विचारलं.

त्याने आरशातून पाहिलं. "ऑटो चालत राहते. एका घराले अर्धीच गोष्ट आयकू येते. मंग पुन्हा सांगा लागते."

"पण फोनवर मागे जाऊन ऐकता येतं ना."

"मांगं कोन जाते, भाऊ?" म्हणत त्याने गिअर टाकला.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात नवा भाग लावला. पहिलं वाक्य कुकरच्या शिट्टीत गेलं. हात पुसून फोन उचलेपर्यंत तो पुन्हा म्हणाला, "भोंगा अजून चालू हाये. बलावा, मी येतो."