दहा मिनिटांची किल्लेदारीण

हसणार आहात तुम्ही, हे मला ठाऊक आहे. हसा बापडे! फक्त हातातला चहा आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला मी हे सांगितलं, तेव्हा शेजारच्या वहिनींच्या नाकातून चहा आला होता.

माझ्या हातून एक किल्ला पडला. खराखुरा नाही हो, कॉम्प्युटरवरचा. पण पडला तो असा पडला, की माझ्या बावीस वर्षांच्या मास्तरकीवर पाणी फिरलं.

तर, मी वरठी-तुमसरकडच्या शहापूरची. शाळेत इतिहास शिकवते. माझी मुलगी सुकेशनी, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. पोरगी दिवसभर कॉम्प्युटरपुढे. एक दिवस मी तावातावानं तिच्या खोलीत शिरले, आज वायरच उपटते म्हणून.

पडद्यावर पाहते तर काय, आपल्याच भागातला किल्ला! तट, बुरूज, खाली तलाव, तलावापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. देवगडच्या गोंड राजांच्या काळातला खेळ. राजे, सरदार, घोडे, सगळा लवाजमा.

"हे काय करून राहिली तू?"

"मम्मी, तुयाच इतिहास हाये हा. फक्त हालते!"

मी चष्मा लावला. आणि पहिली चूक सापडली. बाजारात टमाटर! अहो, तीनशे वर्षांपूर्वी आमच्याकडच्या बाजारात टमाटराचे ढीग कुठून आले? दोन मिनिटांनी पाहिलं, तर पहारेकरी बुरजावर बसून चहा पीत होता. चहा! पाटलाच्या घरी नव्हता, तो पहारेकऱ्याच्या हातात! संध्याकाळपर्यंत मी चुकांचा एक फुलस्केप कागद भरला, शेवटी दहापैकी सहा गुण दिले आणि खाली सही ठोकली. वायर राहिली बाजूला. दुसऱ्या दिवसापासून माझी खुर्ची सुकेशनीच्या खुर्चीला लागून.

आता हे नीट ऐका, कारण पोरीचं सगळं यावर टांगलेलं होतं. या खेळाची मोठी स्पर्धा होती. पाच जणींनी किल्ला राखायचा, समोरच्या पाच जणींनी तासाभरात तो घ्यायचा. जिंकणाऱ्या संघाला खेळ बनवणारे बंगळूरला नेणार, आठवडाभर. माणसं कशी रेखाटतात, पगड्या, दागिने, ढाली कशा काढतात, ते दाखवणार. सुकेशनी लहानपणापासून तेच काढते. तिच्या वह्या पगड्यांनी भरलेल्या. आमचे हे वरठीच्या कारखान्यात, त्यांना हे चित्रांचं प्रकरण पटत नव्हतं. मग बापलेकीचा करार झाला. जिंकली तर चित्रकला, हरली तर गुपचूप बी.एड.

म्हणजे हरली तर माझ्यासारखी मास्तरीण! इतकी मोठी शिक्षा समोर असल्यावर पोरगी जीव तोडून खेळणार नाही तर काय? एकेक फेरी जिंकत ती चक्क अंतिम फेरीत पोचली.

आणि मी काय केलं? मी रोज तुमसरला फोन लावला. तिथं माझं माहेर. भावाची मुलगी पल्लवी, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी गुणी पोर, माझी लाडकी भाची. तिला मी सगळं सांगायची. "पल्लवी, काल आमच्या सुकेशनीनं उत्तरेचा बुरूज राखला." "पल्लवी, दाराची किल्ली सुकेशनीकडेच असते बरं." "पल्लवी, रविवारी चार वाजता फायनल, मी बाजूलाच बसणार. एकदा तरी त्या खुर्चीत बसायचंय बघ मला."

"हो का आत्या? अजून सांग न," असं ती म्हणायची. इतक्या आवडीनं माझं कोणी वर्गातही ऐकत नाही.

रविवार उजाडला. समोरचा संघ कोण, ते खेळात कळत नाही, नुसती टोपणनावं असतात. त्यांच्या कप्तानाचं नाव होतं 'लालमिर्ची'. चारला लढाई सुरू झाली. सुकेशनी किल्लेदार, बाकी चौघी आपापल्या घरून तटावर. पाऊण तास त्या पोरींनी असा किल्ला लढवला, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटची पंधरा मिनिटं राहिली.

बरोबर पावणेपाचला आमच्या दाराची बेल वाजली.

"ताई! अवो ताई! तांदूळ आणला!" माझा भाऊ राजू. तुमसरहून, तांदळाचं कट्टं, म्हणजे पोतं घेऊन.

"मम्मी, तू जा न!" सुकेशनी ओरडली.

इथं माझी चूक झाली. खरं तर मीच उठायला हवं होतं. भाऊ माझा, तांदूळ माझा. पण पंधरा दिवस बाजूला बसून बसून मलाही एकदा त्या खुर्चीत बसायचं होतं हो! मी म्हटलं, "माया गुडघा दुखते. कट्टं जड असन. तू जा, मी पाहते किल्ला."

"कोनालेच दार उघडू नको. समजलं? कोनालेच!"

"बावीस वर्षं इतिहास शिकवून राहिली मी. तू मले सांगतं?"

ती पळाली. मी बसले. तिचे हेडफोन कानाला टोचत होते, म्हणून गळ्यात अडकवले. आणि दाराशी माणसं आली. एक म्हातारा, एक बाई, कडेवर पोर, आणखी दोघी. पायी चालून दमलेली. खाली अक्षरं उमटली: "बाई, पाणी मिळेल का?"

आता तुम्हीच सांगा. दारात कोणी पाणी मागितलं आणि आपण नाही म्हटलं, असं आपल्याकडे कधी झालंय? तरी मी सावध होते हं. चौकशी केल्याशिवाय उघडणार नव्हते. एका बोटानं टाइप केलं: "कोणत्या गावचे?"

"तुमसरचे."

झालं! माहेर! माझा जीव तिथंच पातळ झाला. तरी अजून एक प्रश्न टाकला, शिक्षिका आहे ना मी. "तुमसरात कुठले?"

"राईस मिलच्या मागचे."

अहो, आमचं घर तिथंच! ती गल्ली माझ्या पायाखालची. मी धाडदिशी दार उघडलं.

कळलं का तुम्हाला? गोंड राजाचं राज्य चाललंय आणि माणसं राईस मिलच्या मागून आली! मला टमाटर दिसलं होतं. चहा दिसला होता. अख्खी राईस मिल काही दिसली नाही!

पाहुणे आत आले. खेळानं विचारलं, शिधा द्यायचा का? म्हणजे काय, माहेरची माणसं उपाशी जाणार? दिला. कोठीतला निम्मा तांदूळ दिला. गळ्यातल्या हेडफोनमधून चिवचिव ऐकू येत होती. मला वाटलं पोरी शाबासकी देताहेत. मी हेडफोनकडे तोंड नेऊन म्हटलं, "होय गं, जेवू घातलं त्यांना."

मग पाहुणे म्हणाले, "थोडं सावलीत टेकू का?" मी पाहिलं, सगळीकडे ऊन. सावली एकाच ठिकाणी होती, दारूगोळ्याच्या कोठाराशेजारी. मी लिहिलं, "खुशाल टेका. थंड आहे तिथं."

तेवढ्यात सुकेशनी आत आली. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "मम्मी, हे कोन हायेत?"

"आपलेच हायेत, तुमसरचे," असं मी म्हणेपर्यंत पडदा लालभडक झाला. धडाम्! तट गेला, बुरूज गेला, तलावातलं पाणी उसळलं. सुकेशनीनं हेडफोन माझ्या गळ्यातून काढून कानाला लावले. चौघी एका सुरात रडत होत्या, "काकू, दार बंद करा! काकू, ते शत्रू हायेत!"

त्या खेळात शेवटी बखरीसारखं लिहून येतं. आलं: "किल्लेदारीणबाईंनी शत्रूस पाणी दिले, शिधा दिला, कोठारापाशी विसावा दिला. किल्ला गेला."

मी बाहेर आले. राजू चिवडा खात होता. त्याचा फोन वाजला. पल्लवीचा. तिचा आवाज इतका मोठा, की मला दारातून ऐकू आला. "पप्पा! तांदूळ देल्ला का आत्याले?"

"देल्ला न. बरोबर पावनेपाचले, तू सांगतलं तसाच."

पावणेपाच? तांदूळ द्यायला मुहूर्त? मला माझे रोजचे फोन आठवले. लालमिर्ची! माझी गुणी भाची! आणि खोटं एक अक्षर बोलली नव्हती हो ती. तुमसरचीच होती, राईस मिलच्या मागचीच होती. बिचारा राजू शेवटपर्यंत विचारत होता, "पन झालं काय? तांदूळ खराब निंघाला का?"

सुकेशनी भांडली असती तर बरं झालं असतं. ती भांडली नाही. दोन दिवसांनी टेबलावर बी.एड.चा अर्ज दिसला, नाव भरलेला. तो पाहून मला खरंच रडू आलं. पोरीचं स्वप्न मी माझ्या हौसेपायी घालवलं होतं. त्या दिवशी मी शपथ घेतली, पल्लवीशी जन्मात बोलणार नाही.

मग पल्लवीचाच फोन आला, मला नाही, सुकेशनीला. "वैरीण गेली चुलीत, बहीण हायेस न तू मायी? तुयी पगड्याची वही दे. मी तिथं त्याइले दाखवतो." सुकेशनीनं रात्रीतून वहीला कव्हर घातलं. अर्ज तूर्त कपाटात गेला.

बंगळूरला निघालेल्या पल्लवीच्या संघातल्या पोरी तुमसर रोड स्टेशनवर गाडीत बसणार, गाडी वरठीला दोन मिनिटं थांबणार. मी घरात जाहीर करून टाकलं, मी फक्त सुकेशनीच्या सोबतीला चालले. त्या दगाबाज पोरीचं तोंडही पाहणार नाही.

गाडी आली. खिडकीत पाच जणी दाटीवाटीनं. सुकेशनीनं वही आत दिली, दोघी बहिणी हात धरून हसल्या, रडल्या. मी तिसरीकडेच बघत होते, सिग्नलकडे.

"आत्या, अजून रागावली हायेस का मायावर?"

मी सिग्नलवरची नजर हलवली नाही. ताठ उभी राहिले.

"आत्या, घाईघाईत निंघालो वं. कोनंच काई खाल्लं नाई."

सुकेशनीनं वळून माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. "मम्मी, घरून निंघाल्यापासून हे एवढं जड काय धरून राहिली तू?"

आता काय सांगणार? पाच डबे होते.