मिश्रीचा तवा

तेराव्या वर्षी माझी दाढ दुखू लागली, तेव्हा आत्याने कड मोडलेल्या जुन्या तव्यावर तंबाखू भाजली. मिश्रीचा तवा वेगळाच असे. त्यावर कुणी भाकरी टाकत नसे. काळा चुरा तिने बोटाने माझ्या हिरडीवर चोळला. डोके गरगरले, ठणका थांबला. त्याहून नवल म्हणजे, त्या वर्षी रोज दुपारी माझ्या छातीवर ओल्या गोधडीसारखे जे येऊन बसे, तेही घटकाभर उठून गेले.

त्याला नाव नव्हते. "पोरगी घुमी झालीय," एवढेच घरचे म्हणत. मला वाटले, औषध सापडले.

लग्न होऊन नळदुर्गला आले, ती तो तवा घेऊनच. विशीत दिवसातून पाच वेळा मिश्रीची डबी उघडू लागले. जांभळाचा तुरटपणा, कोथिंबिरीचा वास, वाचलेल्या ओळीतला नाद, सारे दूर गेले. गोधडी मात्र आता सकाळीच येई.

शेजारी बांगड्या भरणाऱ्या आपा राहत. हात दाबता दाबता एकदा म्हणाल्या, "मिश्रीनं जीव हलका हुतो म्हणतीस. मग घडीघडी जड करतंय कोण?"

माझा हात कमरेच्या डबीकडे गेला.

"तवा दे इकडं."

"न्हाय जमायचं, आपा."

"न्हाय जमलं तर ने परत. तवा काय पळून चाललाय?"

तवा त्यांच्याकडे ठेवून आले. पुढचे आठ दिवस वाईट गेले. मी चिडले, रडले, आणि डबीची वेळ झाली की आपांच्या अंगणात ज्वारी निवडत बसले. फुटक्या बांगड्यांच्या काचा त्या रंगांनुसार वेगळ्या करीत. त्या किणकिणीने दुपार सरे. नवव्या दिवशी राखेने, चिंचेने घासलेला तवा माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, "आता भाकरी टाक."

पहिली भाकरी कडूजहर. शाळेत मास्तर असलेल्या यजमानांनी ती शांतपणे चावून गिळली. "उद्या दात घासायला नकोत," म्हणाले. कित्येक महिन्यांनी मी हसले.

गोधडी पुढेही अधूनमधून येई. ती आली की मी अंगण ओलांडून आपांकडे जाई, डबीकडे नाही. पण तवा परत आल्यानंतरच्या चौथ्या दिवशीची भाकरी अजून आठवते. ती टम्म फुगली, वाफ तोंडावर आली आणि ज्वारीचा गोडसर वास मला ओळखू आला. भाजी व्हायची होती. मी ती चुलीपाशीच, कोरडी खाल्ली.