डबीतलं फिनेल

हा राग मी अजून सोडलेला नाही, आणि सोडायचा विचारही नाही.

खारघरच्या एका प्रयोगशाळेत मी जुलाबाच्या जंतूंचा जीनोम वाचते. रुग्णाच्या शौचातला जंतू वाढवायचा, त्याच्या अंगातला सगळा मजकूर मशीनमधून काढायचा आणि हा बाबा माणसाला आडवा कसा करतो ते शोधायचं. ई. कोलाय तुमच्या-माझ्या आतड्यात मुकाट राहणारा जंतू. पण त्यातल्या एखाद्याला कुठून तरी जादा जनुकं मिळतात. काही आतड्याला चिकटायला, काही विष बनवायला. मग आतडंच अंगातलं पाणी बाहेर ओतायला लागतं.

तळवलीला, माझ्या माहेरच्या आळीत, तेच सुरू झालं. धाकट्या भावाची मुलगी तर पार सुकून गेली. नळाला गढूळ पाणी येत होतं, पाइप गटारातून गेलेला, आणखी काय बघायचं होतं? पाणीखात्याचे साहेब आले. भावजय मासळी विकते. तिच्या पाटीकडे बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि सगळ्या आळीसमोर सुनावलं, "तुम्ही लोक घाणीत राहता, पोरं आजारी पडणारच. पाण्याला कशाला दोष देता? पुरावा आणा, मग खणू."

पुरावा तर पुरावा. नळाचं पाणी मी स्वतः भरून घेतलं. मुलीच्या शौचासाठी भावजयीला डबी दिली.

पाण्यात जंतू वाढला. डबीतून काहीच नाही, एकही जंतू नाही. शौचात असं होतच नाही. मी झाकण उघडून वास घेतला आणि तडक तिला फोन लावला.

"फिनेल टाकलंस?"

"दोनच थेंब टाकले, ताई. तुमच्या हापिसान वास आला असता. लोकं बोलली असती, हिच्या घरची मानसं घान हायेत."

माझं डोकंच फिरलं. तिच्यावर नव्हे. त्या रुमालवाल्यावर. एका वाक्यात त्याने आमचा पुरावा मारला होता, तोही तिच्याच हातून. तोवर मुलीला दवाखान्यात जंतू मारणारी औषधं सुरू झाली होती, दुसरा नमुना घेऊन उपयोग नव्हता. आणि साहेब फोनवर खुशीत, "बघा मॅडम, पोरीत काही सापडलं नाही ना?"

मुलगी सावरली, पण शेजारची म्हातारी जुलाबाने आडवी झाली. या वेळी भावजय स्वतः तिची डबी घेऊन खारघरला आली. रिक्षातून उतरताच म्हणाली, "यातन कायपन टाकला नाय."

जंतू वाढला. म्हातारीच्या आणि नळाच्या पाण्यातल्या जंतूचा जीनोम शेजारी शेजारी ठेवला, जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखं. चिकटायची जनुकं तीच, विषाचीही तीच. साहेबांच्या टेबलावर अहवाल आपटला तेव्हा कुठे पाइप खणला. गटाराखालीच फुटलेला निघाला. खणायला माणसं आली, साहेब फिरकले नाहीत. चुकलं म्हणायला तर नाहीच नाही.

मी भावजयीला फोनवर सगळं समजावून सांगितलं, जंतू, जनुकं, विष, पाइप. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं,

"म्हंजे ताई, आमी घान नव्हतो ना?"